लहान विमानाची किरकोळ दुरुस्ती: हात कुणाचा, सही कुणाची?

मे संपत आला होता. मुंबईच्या जुहू विमानतळावर हँगरबाहेर पावसाआधीची ती चिकट, घामाघूम सकाळ. एक प्रशिक्षणार्थी वैमानिक उड्डाणापूर्वीची फेरी मारत होता. पंखाखालच्या पिटो ट्यूबच्या, म्हणजे वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी त्याला ओल्या मातीचं बारीक लिंपण दिसलं. कुंभारमाशीने घर बांधायला घेतलं होतं. मुलगा कामसू होता. त्याने शर्टाची सेफ्टी पिन काढली आणि ती माती कोरायला हात पुढे केला. मी जवळजवळ धावतच गेलो आणि त्याचा हात धरला.

"सर, पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. खरं होतं. फक्त त्या पाच मिनिटांत काय काय होऊ शकतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पिनेने माती बाहेर येते तशी आतही जाते. आत गेली की ती नळीत बसते आणि वेग दाखवणारा काटा धावपट्टीवर जागचा हलत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे हलतो पण खोटं सांगतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोईंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. एक पिटो ट्यूब बंद झाली होती. ती शेवटपर्यंत हाती लागली नाही, पण तपासात संशय याच जातीच्या माशीच्या घरट्यावर होता. विमान काही दिवस उभं होतं आणि ट्यूबवर आवरण नव्हतं.

त्या दिवशी विमान मागे घेतलं, लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे दिसलेला दोष, लिहिला, परवानाधारक इंजिनिअरने लाइन सोडून साफ केली, गळती तपासली, सही केली. दुपारी विमान उडालं. त्या मुलाने नंतर विचारलेला प्रश्न मला आजवर शेकडो जणांनी विचारला आहे: लहान विमानावरचं लहानसहान काम नक्की कोण करू शकतं, आणि करायचं तर कसं? हा लेख त्याच्यासाठी, फ्लाइंग क्लबच्या सभासदांसाठी, स्वतःचं विमान बाळगणाऱ्या मोजक्या मंडळींसाठी आणि एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी.

काम करणारा आणि सही करणारा

सगळ्यात आधी एक गाठ मनात पक्की बांधा. विमानावर काम करणारा हात आणि त्या कामावर सही करणारा हात हे दोन वेगळे असू शकतात, आणि कायदा मुख्यतः सहीकडे बघतो. त्या सहीला 'सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस' म्हणतात, बोलताना आपण नुसतं 'रिलीज' म्हणतो. काम झालं, ते मान्य पद्धतीने झालं आणि विमान उडायला योग्य आहे, असं एक माणूस आपल्या परवाना क्रमांकासह लिहून देतो. हेल्पर, टेक्निशियन, शिकाऊ विद्यार्थी यांनी देखरेखीखाली पाना फिरवायला हरकत नसते. पण ते रिलीज देऊ शकत नाहीत.

भारतात ही सही द्यायचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना असलेल्या एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरला असतो. परवान्याचे नियम डीजीसीएच्या सीएआर-६६ या नियमावलीत आहेत. बी१ हा वर्ग सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक-विद्युत यंत्रणांसाठी, तर बी२ रेडिओ आणि एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी. बी१ चेही पोटभाग आहेत: बी१.१ टर्बाइन विमानं, बी१.२ पिस्टन विमानं, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर. म्हणजे सेसना १७२ या लहान पिस्टन विमानाच्या इंजिनाचं काम सही करायला तुम्हाला लागतो बी१.२ वाला. जुहूवर आज हेलिकॉप्टरचा राबता जास्त आहे, समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं इथूनच उडतात. त्यामुळे शेजारच्या हँगरमधला पंचवीस वर्षांचा अनुभवी बी१.३ इंजिनिअर तुमचा चांगला मित्र असेल, त्याला त्यातलं लायकमिंग कंपनीचं इंजिन तोंडपाठ असेल, तरी तुमच्या सेसनावर त्याची सही चालत नाही.

परवाना खिशात आहे म्हणूनही भागत नाही. त्या प्रकारच्या विमानाचं किंवा गटाचं रेटिंग त्यावर हवं आणि गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. कुणाला बोलावण्याआधी या दोन गोष्टी विचारायला लाजू नका. चांगला इंजिनिअर स्वतःहून परवाना उघडून दाखवतो.

मग वैमानिकाने काहीच करायचं नाही का?

इथे आपल्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ आहे आणि त्याचं कारण इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ. अमेरिकेत नियम असा आहे की किमान प्रायव्हेट परवाना असलेला वैमानिक, स्वतःच्या मालकीच्या किंवा स्वतः चालवत असलेल्या विमानावर, 'प्रतिबंधात्मक देखभाल' म्हणून दिलेल्या यादीतली कामं करून स्वतःच लॉगबुकात सही करू शकतो. विमान प्रवासी किंवा चार्टर सेवेत नसावं, ही अट. त्यांच्या पार्ट ४३ च्या परिशिष्टातली ही यादी वाचण्यासारखी आहे: टायर काढणं-बसवणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस, स्पार्क प्लग साफ करणं आणि त्यांचं अंतर लावणं, तेलाचा फिल्टर बदलणं, बॅटरीची निगा, लँडिंग लाइटचा बल्ब आणि तुटलेली वायर, तुटलेली लॉकिंग वायर आणि स्प्लिट पिन बदलणं, सीटबेल्ट, बाजूच्या खिडक्या, कापडी आवरणाला साधा पॅच. हा शेवटचा पॅच मला नेहमी जुहूच्या जुन्या दिवसांची आठवण करून देतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ कापडाने मढवलेलंच होतं.

पण ती यादी एन अक्षराने सुरू होणाऱ्या, म्हणजे अमेरिकन नोंदणीच्या विमानांची आहे. तुमच्या विमानाच्या शेपटाजवळ व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीची अक्षरं, लिहिली असतील तर ती तुम्हाला लागू नाही. देखभालीचा भारताचा नियम, सीएआर-एम, युरोपच्या पार्ट-एमच्या धर्तीवर बेतलेला आहे. त्या चौकटीत 'मालक-वैमानिक' नावाची संकल्पना आहे: खासगी वापरातलं, साध्या रचनेचं, २७३० किलोपर्यंत वजनाचं विमान असेल आणि वैमानिक त्याचा मालक किंवा भागीदार-मालक असेल, तर मर्यादित कामं. तीही त्या विमानाच्या मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये लेखी नोंदलेली असली तरच. म्हणून पाना हातात घेण्याआधी कपाटातून तो प्रोग्रॅम काढा आणि त्यात तुमच्या कामाचं नाव शोधा. नाव नाही म्हणजे तुमचा अधिकार नाही, विषय संपला.

फ्लाइंग क्लबचं किंवा प्रशिक्षण संस्थेचं विमान यात बसतच नाही, मग ते धुळ्याला उडत असो की बारामतीला. तिथे वैमानिकाचं काम म्हणजे उड्डाणपूर्व तपासणी, इंधनाचा नमुना काढून पाहणं, संस्थेच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर तेल भरणं, आणि दिसलेला प्रत्येक दोष लिहिणं. हे शेवटचं काम हलकं समजू नका. कितीतरी मुलं स्नॅग लिहायला घाबरतात, आपल्यामुळे विमान ग्राउंड झालं म्हणून कुणी रागावेल असं त्यांना वाटतं. मी प्रत्येक बॅचला सांगतो: तुम्ही लिहिलंत तरच इंजिनिअरला कळणार आहे. तोंडी सांगितलेला स्नॅग संध्याकाळच्या चहाबरोबर विसरला जातो.

किरकोळ म्हणजे नक्की काय?

स्क्रू किती आणि वेळ किती यावरून काम किरकोळ ठरत नाही. वजन, तोल, सांगाड्याची ताकद, इंजिनाचं चालणं, उडण्याचे गुण यांपैकी कशावरही लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता असेल तर ते काम मोठं, मग ते अर्ध्या तासाचं का असेना. एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेवर, नुसता रंगाचा एक हात मारणं घ्या. दिसायला सजावट. पण रंगाला वजन असतं, त्याने एलेरॉनचा तोल बदलतो आणि वेगात तो पृष्ठभाग फडफडू लागतो. त्या फडफडीने शेपटं तुटून पडल्याची उदाहरणं विमानविद्येच्या सुरुवातीपासून आहेत.

युरोपच्या चौकटीत मालक-वैमानिकाला मनाई असलेल्या गोष्टींची यादी मला फार शहाणपणाची वाटते. मोठा भाग काढावा लागणारं काम नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कळीचं काम नाही. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हचं, म्हणजे नियामकाच्या सक्तीच्या सुरक्षा आदेशाचं, पालन म्हणून करायचं काम, स्पष्ट मुभा नसेल तर नाही. टॉर्क रेंच आणि क्रिंपिंगचा पक्कड सोडून कॅलिब्रेट केलेलं हत्यार लागत असेल तर नाही. आणि जोरात आपटून उतरल्यानंतरची तपासणी तर अजिबात नाही. तुम्ही अशा व्यवस्थेत नसलात तरी स्वतःला मोजायला ही पट्टी चांगली आहे.

सीटचं उदाहरण देतो. सीट काढून बसवणं अमेरिकन यादीत आहे, चार बोल्टचं काम वाटतं. पण सेसनाच्या सीट-रेलवर एफएए या अमेरिकेच्या विमान नियामकाचा डायरेक्टिव्ह आहे, २०११-१०-०९ क्रमांकाचा, कारण रेलची भोकं झिजली की उड्डाण घेताना सीट सरकन मागे जाते. वैमानिकाचा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, असतो, तो योकही मागे ओढला जातो. म्हणजे सीट हलवताना रेल पाहायला लागते आणि रेल पाहणं हे डायरेक्टिव्हचं काम झालं. काम हातात घेण्याआधी त्या भागावर डायरेक्टिव्ह आहे का, हे पाहणं ही पहिली पायरी त्यासाठीच.

तयारी: मॅन्युअल, सुटे भाग, हत्यारं

मॅन्युअल त्या मॉडेलचं, त्या सिरीयल नंबरचं आणि ताज्या आवृत्तीचं हवं. 'सेसना १७२' एवढं पुरत नाही. मॉडेलमागून मॉडेल टायरच्या हवेचा दाबही बदलतो, प्लायवरही (टायरच्या थरांच्या संख्येवरही) बदलतो. मित्राच्या फोनमधली जुनी पीडीएफ वापरू नका.

सुट्या भागासोबत कागद हवा: डीजीसीएच्या व्यवस्थेतला सीए फॉर्म १, युरोपचा ईएएसए फॉर्म १ किंवा अमेरिकेचा ८१३०-३. बोल्ट-नटसारख्या मानक भागांना निर्मात्याचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईकराला इथे मोह फार. मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर जगातला कुठलाही बोल्ट दहा मिनिटांत मिळतो, त्याच मापाचा, त्याच आट्यांचा, चकचकीत. त्या गल्लीवर माझं प्रेम आहे. पाने, सॉकेट, ट्रे, टॉर्च, फनेल मी आयुष्यभर तिथूनच घेतले. पण विमानात जाणारा बोल्ट तिथून आणायचा नाही. विमानाच्या मानकातल्या, म्हणजे एएन, बोल्टच्या डोक्यावरची फुली त्याचं पोलाद आणि ताकद सांगते. बाजारातल्या बोल्टचं पोलाद काय, त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाली का, त्यामागे कुणाची जबाबदारी, हे कुणालाच सांगता येत नाही.

हत्यारांत टॉर्क रेंच कॅलिब्रेशनच्या तारखेत असलेला घ्या. आणि आकडा वाचताना एकक मोठ्याने उच्चारा. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे. घाईत वाचलेल्या आकड्यापायी आटे गेलेले सिलिंडर मी पाहिले आहेत.

काम सुरू करण्याआधी हत्यारं मोजून ट्रेमध्ये लावा आणि संख्या कागदावर लिहा. फडकीसुद्धा मोजा. मॅग्नेटोचा, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद, चावी काढून खिशात, मास्टर (मुख्य विद्युत स्विच) बंद, चाकांना अडथळे. प्रोपेलरला हात लावताना स्विच बंद असला तरी इंजिन पेटेल असंच समजून उभे राहा. मॅग्नेटोला ग्राउंड करून ठिणगी थांबवणारी तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते.

तेल आणि फिल्टर

लायकमिंगचा सल्ला असा: फुल-फ्लो फिल्टर असेल तर दर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर दर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी दर चार महिन्यांनी तेल बदला. मुंबईत हे चार महिने कधी विसरू नका. पावसाळ्यात विमानं उभी राहतात, उडत नाहीत म्हणून मालक निश्चिंत असतो, आणि त्याच दिवसांत दमट हवेचं पाणी तेलात उतरून आतल्या कॅमशाफ्टला गंज धरतो. उभं इंजिन चालणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर खराब होतं, हे या किनाऱ्यावरचं रोजचं वास्तव आहे. अधूनमधून जमिनीवर पाच मिनिटं इंजिन चालवणं हा त्यावर उपाय नाही. तेल पुरेसं तापत नाही आणि ज्वलनातून तयार झालेलं पाणी मात्र आत राहतं.

इंजिन आधी गरम करून घ्या, म्हणजे तेलासोबत तळाचा गाळही वाहून येतो. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उतरवून मऊ कापडावर ठेवा. ड्रेन उघडा आणि तेल स्वच्छ डब्यात घ्या, कारण ते तुम्हाला नंतर पाहायचं आहे. तेल निथळेपर्यंत इंजिनाच्या खोलीत टॉर्च फिरवा: कुठे नळी घासते आहे का, एक्झॉस्टच्या जोडाशी राखाडी पांढरा डाग आहे का, एखादा क्लॅम्प सैल आहे का. माझ्या मते तेल बदलण्याचा अर्धा फायदा या वीस मिनिटांच्या पाहणीत आहे.

फिल्टर काढला की लगेच फेकू नका. फिल्टर कापायच्या कटरने तो कापा. करवत वापरलीत तर करवतीचाच भुगा आत पडतो आणि मग धातू इंजिनाचा की तुमचा, हे कळत नाही. कागदाची घडी उलगडून चांगल्या प्रकाशात पाहा. काळे कण बोटाने चिरडले जात असतील तर तो बहुधा कार्बन. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, नाही चिकटले तर अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळी भाग. धातू दिसला की तुमचं काम तिथेच थांबतं आणि इंजिनिअरचं सुरू होतं. कण एका पाकिटात घालून, त्यावर तारीख आणि तास लिहून जपून ठेवा.

नव्या फिल्टरच्या रबरी गास्केटला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं वंगण लावा. हाताने बसवा, मग फिल्टरवर छापलेल्या टॉर्कनेच घट्ट करा. त्यानंतर लॉकिंग वायर. तारेची ओढ नेहमी आवळण्याच्या दिशेने हवी. ०.०३२ इंचाच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. शेवटाला छोटी शेपटी ठेवून ती आत दुमडा, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटतं. तार कधीही दुसऱ्यांदा वापरायची नाही, स्प्लिट पिनही नाही.

तेल भरून काउलिंग न लावता इंजिन सुरू करा आणि नजर तेलाच्या दाबावर ठेवा. ३० सेकंदांत दाब आला नाही तर बंद. आला तर थोडं चालवून बंद करा, पुन्हा टॉर्च घेऊन गळती पाहा, मगच काउलिंग.

स्पार्क प्लग

चार सिलिंडरांना आठ प्लग असतात, प्रत्येक सिलिंडरला एक वर आणि एक खाली. काढताना कुठला कुठून आला हे कळेल असा भोकं पाडलेला लाकडी ट्रे वापरा. प्लग म्हणजे सिलिंडरची जबानी असते. खालचा प्लग तेलाने ओला, बाकी सगळे कोरडे, असं दिसलं तर ती त्या सिलिंडरची बातमी आहे. ट्रेमध्ये ते उलटसुलट झाले की ही बातमी हरवते.

१००एलएल इंधनात शिसं असतं आणि त्याचे कडक राखाडी मणी खालच्या प्लगमध्ये बसतात. ते टोकदार हत्याराने हलकेच सोडवा, मधल्या सिरॅमिकला धक्का लागू देऊ नका. हेच १००एलएल आता आपल्याकडे वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार होतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते बाजारात आणलं, त्याआधी सगळं आयात असायचं. जाड इलेक्ट्रोडच्या प्लगचं अंतर साधारण ०.०१६ ते ०.०२१ इंच, तारेच्या गेजने मोजायचं. जास्त असेल तर बाहेरचा इलेक्ट्रोड त्याच कामाच्या हत्याराने आत सारा. अंतर फार कमी झालं तर परत बाहेर ओढायचा प्रयत्न करू नका, सिरॅमिक तडकतं.

हातातून पडलेला प्लग कचऱ्यात, दिसायला धडधाकट असला तरी. आतली तडक बाहेरून दिसत नाही.

बसवताना जागा बदला: वरचा खाली, खालचा वर, आणि सिलिंडरही बदला, म्हणजे झीज सारखी होते. तांब्याचा वॉशर नवा. आट्यांना अ‍ॅन्टी-सीझ अगदी थोडं, टोकाचा पहिला आटा कोरडा सोडून. तिथलं वंगण तापून ओघळलं तर इलेक्ट्रोड जोडले जातात. आधी बोटांनी पूर्ण फिरवा. बोटाने जात नसेल तर पाना लावू नका, काढा आणि पुन्हा बसवा. लायकमिंगचा टॉर्क ३६० ते ४२० इंच-पाउंड, म्हणजे ३० ते ३५ फूट-पाउंड. मॅग्नेटोकडून येणाऱ्या तारेचं टोक आत सरळ ढकला, बोटाने सिरॅमिकला शिवू नका. मुंबईत हातांना कायम घाम असतो. तो ओलावा आणि मीठ प्लगच्या विहिरीत गेलं की ठिणगी वाट चुकते.

मग रनअप, म्हणजे उभ्या विमानात इंजिनाची चाचणी. सेसना १७२एस च्या हँडबुकात १८०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो तपासायला सांगितलं आहे. घट कुठल्याही मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त नको आणि दोहोंतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घट अजिबात नसेल तरी आनंद मानू नका, मॅग्नेटोची तार ग्राउंड होत नसण्याची ती खूण असू शकते.

टायर

इथे एकाच गोष्टीसाठी मी थांबतो. लहान विमानाचं चाक दोन तुकड्यांचं असतं, बोल्टने जोडलेलं. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडले तर दोन्ही तुकडे तोफगोळ्यासारखे उडतात. हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हचा गाभाही काढून बाजूला ठेवा, मगच पाना. जॅकवर विमान चढवणं इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करा. बाकी कृती मॅन्युअलप्रमाणे: ट्यूबला टाल्कम पावडर, टायरवरची लाल खूण ट्यूबच्या जड बाजूच्या खुणेसमोर (ट्यूबवर खूण नसेल तर व्हॉल्व्हसमोर), बोल्टचा टॉर्क चाकाच्या पट्टीवर छापलेला, अ‍ॅक्सलच्या नटला नवी स्प्लिट पिन. शेवटी चाक हाताने फिरवून पाहा. अडखळत असेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे.

दिवे आणि बॅटरी

बल्ब जळला आणि त्याच भाग-क्रमांकाचा बसवला, ही बदली झाली. त्या जागी एलईडी बसवलात तर तो विमानातला बदल झाला, त्याला मान्यतेचे कागद लागतात. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडा आणि लावताना ते शेवटी लावा. पेटीत आम्ल सांडलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण बॅटरीच्या आत सोड्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

खारा वारा

मुंबईत विमान सांभाळायचं म्हणजे सगळ्यात जास्त झुंज गंजाशी. जुहूच्या पश्चिमेला थेट समुद्र आहे. टाटांच्या सुरुवातीच्या काळात इथली चिखलाची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची आणि तळ पुण्याला हलवावा लागायचा. आता धावपट्टी पक्की आहे, हवा मात्र तीच आहे. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, रिवेटभोवती रंगाला फुगे, पोलादावर तांबूस डाग: हे दिसलं की रंग मारून झाकायचं नाही. गंज किती खोल गेला हे ठरवणं इंजिनिअरचं काम आहे.

धुणं मात्र तुम्ही करू शकता आणि भरपूर करावं. गोडं पाणी, सौम्य साबण, जोराचा फवारा नाही. पिटो आणि स्टॅटिक (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या) छिद्रांवर भडक रंगाची, लांब शेपटीची झाकणं लावा, आणि ती काढल्याची नोंद करा. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एअरोपेरूच्या ७५७ च्या स्टॅटिक छिद्रांवर साफसफाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग खोटे दिसत राहिले आणि विमान समुद्रात गेलं. ७० जण दगावले. कामगाराने केलेलं काम धुण्याचं होतं. यापेक्षा किरकोळ काम विमानावर नसतं.

पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर दर आठवड्याला पाहा. ते आकसलं की पाणी थेट टाकीत. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. नमुन्याच्या पेल्यात निळ्या इंधनाखाली बिनरंगी बुडबुडा दिसला तर दिसेनासा होईपर्यंत काढत राहा, आणि पेला सगळाच बिनरंगी दिसला तर ते सगळं पाणीच आहे का हे आधी पाहा.

ज्याला हात लावायचा नाही

प्रोपेलरच्या पुढच्या धारेवरचा खडा लागून पडलेला टवका. हातात कानस असते आणि मोह होतो. ती घासायची एक पद्धत असते, किती खोल आणि किती रुंद याच्या मर्यादा असतात आणि ते परवानाधारकाचं काम आहे. त्या टवक्यातून चीर सुरू होऊन पात्याचं टोक उडालं तर असंतुलित इंजिन बैठकीतून निखळू शकतं. वाकलेलं पातं सरळ करणं तर मान्यताप्राप्त कार्यशाळेतच. नियंत्रणाच्या तारा, पुली, ट्रिम यांना कशासाठीही हात लागला तर दोन वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे तपासून सह्या करायच्या असतात. योक डावीकडे फिरवला की डावा एलेरॉन वर जातो ना, हे त्या दोघांनी डोळ्यांनी पाहायचं. पिटो-स्टॅटिक लाइन, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं उपकरण) आणि इंधनाच्या नळ्याही याच यादीत धरा.

नोंद

काम झालं की त्याच दिवशी, त्याच जागी लिहा. 'प्लग सर्व्हिस केले' ही नोंद नव्हे. अशी लिहा: "तारीख, विमानाचे एकूण तास. आठही स्पार्क प्लग काढून साफ केले, अंतर ०.०१७ इंच लावले, जागा बदलून नव्या वॉशरसह बसवले. खालचा ३ क्रमांकाचा प्लग सिरॅमिक तडकल्याने बदलला, नव्याचा भाग-क्रमांक व बॅच क्रमांक. टॉर्क ४०० इंच-पाउंड, रेंचचा क्रमांक. मॅन्युअलचं नाव, प्रकरण, आवृत्ती. रनअप समाधानकारक, घट डावा ८०, उजवा १००." खाली काम करणाऱ्याचं नाव आणि सही, आणि रिलीज देणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, सही. इंजिनाचं काम इंजिनच्या लॉगबुकात, सांगाड्याचं विमानाच्या. दोन वर्षांनी हे पान उघडणाऱ्याला तुम्हाला फोन न करता सगळं कळलं पाहिजे.

सही करण्याआधी ट्रेमधली हत्यारं मोजा, फडकी मोजा, सुरुवातीच्या आकड्याशी जुळवा. एक जरी कमी असेल तरी काउलिंग पुन्हा उतरवा. तडकलेला प्लग सुस्थितीतल्या डब्यात परत ठेवू नका, आटे ठेचून मगच टाका. विमान आत ढकला, आणि हँगरचं दार ओढण्याआधी पिटोवर आवरण चढवा.